मोटरसायकलचे हरवलेले नट-बोल्ट ओळखणं आणि नवे बसवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीचा एखादा बोल्ट जागेवर नाही हे लक्षात आलं की पहिला विचार येतो तो भोक बुजवायचा. डब्यात जो सापडेल तो लावून बघायचा, आवळला गेला की काम झालं असं समजायचं. असे बसवलेले बोल्ट मी बऱ्याच गाड्यांवरून काढले आहेत. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी बोल्टसोबत भोकातले आटेही बाहेर आले. म्हणून माझा आग्रह आहे की आधी विचारायचं, इथला बोल्ट नेमकं काय काम करत होता? तो दोन भाग एकमेकांवर दाबून धरत होता, त्यांच्यात अंतर राखत होता, तेल अडवत होता, की दुसऱ्या नटाला फिरू देत नव्हता? हे कळलं की माप, लांबी, ताकद, वायसर हे सगळं त्यातूनच ठरतं.

रिकामं भोक दिसलं म्हणजे बोल्ट हरवलाच आहे का?

नाही. एकच चासी दोन-तीन मॉडेलांसाठी वापरली जाते, त्यामुळे कारखान्यातूनच काही आटेदार भोकं रिकामी येतात. ओळखायची खूण म्हणजे आतला रंग. आट्यांमध्ये चासीचा मूळ रंग जसाच्या तसा असेल, तर तिथे बहुधा कधी बोल्ट गेलेलाच नाही. आटे चकचकीत असतील किंवा भोकाभोवती रंग घासून वायसरच्या आकाराचं गोल कडं उमटलं असेल, तर तिथे काहीतरी आवळलेलं होतं. कडं स्वच्छ असेल तर ते नुकतंच पडलं आहे. कड्यावर धूळ आणि ग्रीस साचलं असेल तर ते जाऊन बराच काळ झाला आहे.

आधी गाडी धुवा. चिखलाखाली काहीच कळत नाही. मग डावी बाजू उजव्या बाजूशी ताडून बघा, कारण फूटरेस्ट, मडगार्ड, पुढचे शॉकअप, टाकीच्या खालची पट्टी हे भाग बहुतेक जोडीजोडीने असतात. त्यानंतर प्रत्येक भाग हाताने हलवून पाहा. बाहेरून पूर्ण दिसणाऱ्या जोडातही आतला बुश (भोकातली छोटी नळी) नसू शकतो, आणि तो फक्त हलवल्यावरच कळतो.

काय नसेल तर गाडी अजिबात चालवायची नाही?

ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, ब्रेक पॅडची पिन किंवा तिची क्लिप, ड्रम ब्रेकच्या टॉर्क रॉडचा (ब्रेकची प्लेट फिरू न देणाऱ्या दांडीचा) नट आणि त्याची स्प्लिट पिन (भोकातून घालून टोकं दुमडायची पिन), दोन्ही ॲक्सलचे नट, फोर्कचे आणि ॲक्सलचे क्लॅम्प बोल्ट, हँडल धरणारे बोल्ट, पुढच्या स्प्रॉकेटचं (चेनच्या दातेरी चक्राचं) लॉक, चेनलॉकची (चेनची टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप. यातलं काहीही नसेल तर गाडी जागेवरच राहू द्या, दोन गल्ल्यांपर्यंतसुद्धा नेऊ नका. टॉर्क रॉड सुटला तर ड्रमची आतली प्लेट चाकासोबत फिरायला बघते आणि चाक अडकतं.

साइड पॅनल, चेन कव्हर, नंबरप्लेट यांचा एखादा बोल्ट नसेल तर हळू घरी जाता येतं. पण पॅनल चाकात किंवा चेनमध्ये लोंबत नाही ना, हे खाली वाकून बघा.

बोल्ट समोर नाही, फक्त भोक आहे. माप कसं काढायचं?

मोटरसायकलवरचे बहुतेक बोल्ट ५, ६, ८, १० आणि १२ मिलिमीटरचे असतात. ही संख्या आट्यांची बाहेरून बाहेर जाडी सांगते, डोक्याचं किंवा पान्याचं माप नव्हे. भोकाचा आतला व्यास त्याहून कमी असतो. तो व्हर्निअरने (सरकत्या जबड्याच्या मोजपट्टीने) मोजा. साधारण ४.२ आला तर ५चा बोल्ट, ५ आला तर ६चा, ६.८ आला तर ८चा.

दुसरं माप पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर. ५च्या बोल्टला ०.८, ६ला १ आणि ८ला १.२५ हे जवळजवळ ठरलेलंच आहे. १०वर मात्र घोटाळा होतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा १०चा बोल्ट १.५ पिचचा असतो, पण जपानी घडणीच्या मोटरसायकलींवर १०चा बोल्ट बहुतांशी १.२५चा असतो. दोन्ही हातात सारखेच दिसतात. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे आत जातो आणि जड होतो. तिथे पाना लावून जोर केला की भोकातले आटे कायमचे गेले. शेजारचा तसाच बोल्ट काढून मोजा, दहा अंतरं मिळून १२.५ मिलिमीटर भरली तर पिच १.२५. शेजारी बोल्ट नसेल तर मऊ लाकडाची काडी भोकाच्या बाजूवर दाबून धरा. तिच्यावर आट्यांच्या रेघा उमटतात, त्या मोजता येतात. पिच गेज (आट्यांवर टेकवून बघायची दातेरी पट्टी) असेल तर काम सोपंच.

शेवटची खात्री बोटांनीच करायची. बोल्ट भोकावर टेकवून आधी उलटा फिरवा. आटा आट्यात बसल्याची बारीक टिक जाणवली की सुलटा फिरवा. बरोबर मापाचा बोल्ट नुसत्या बोटांनी पाच-सहा फेरे सहज जातो. गेला नाही तर आट्यांत गंज किंवा जुना गोंद असेल, म्हणून भोक साफ करून पुन्हा बघा. तरीही जड लागला तर माप चुकलं आहे असंच धरा.

लांबी कशी ठरवायची?

डोक्याच्या खालच्या कडेपासून टोकापर्यंत जे अंतर भरतं ती लांबी. ज्यांचं डोकं भागात बुडतं, त्या चपट्या शंकूडोक्याच्या स्क्रूंची लांबी मात्र डोक्यासकट मोजतात.

भोकात बारीक काडी किंवा केबल टाय घालून खोली मोजा. त्यात भागाची जाडी आणि वायसरची जाडी मिळवा. भोक आरपार नसेल तर बोल्ट या बेरजेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर आखूड हवा. किती आटे पकडले गेले पाहिजेत याचं गणित असं: पोलादात किमान बोल्टच्या जाडीइतके, ॲल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट. म्हणजे इंजिनच्या कव्हरमधला ६चा बोल्ट निदान ९ मिलिमीटर आट्यांत असावा.

आखूड बोल्ट आटे तोडतो हे बहुतेकांना माहीत असतं. लांब बोल्टचा धोका लवकर लक्षात येत नाही. स्प्रॉकेट कव्हरच्या तीन वेगवेगळ्या लांबीच्या बोल्टांची माझ्याकडून एकदा अदलाबदल झाली. लांब बोल्ट उथळ भोकाच्या तळाला जाऊन टेकला. हाताला तो घट्ट लागला, पण कव्हर तर हलत होतं. मी आणखी आवळला आणि भोकाच्या मागचं ॲल्युमिनियम तडकलं. पाना घट्ट झाला म्हणजे भाग दाबला गेलाच असं नाही, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो. आवळल्यावर भाग हलवून बघाच.

माझ्या ८च्या बोल्टला १२चा पाना लागतो, दुकानातल्याला १३चा. चुकीचा आहे का?

चुकीचा नाही. जपानी पद्धतीत ८च्या बोल्टचं डोकं १२चं आणि १०च्याचं १४चं असतं. आंतरराष्ट्रीय आयएसओ पद्धतीत तीच डोकी १३ आणि १६ची असतात, जुन्या जर्मन मापात १०च्या बोल्टला १७चं. ६च्या बोल्टला बहुधा १०चा पाना लागतो, लहान डोक्याच्या फ्लँज बोल्टला (डोक्याखाली वायसरसारखी कड असलेल्या बोल्टला) ८चा. आटे तेच असतील तर बोल्ट चालतो. फक्त अरुंद जागेत, विशेषतः खोलगट खाचेत, मोठं डोकं किंवा गोटीचा (डोक्यावर टोपीसारखा बसणारा) पाना मावत नाही. बोल्ट घेण्याआधी ती जागा बघून ठेवा.

डोक्यावर अधिकसारखी खाच आणि तिच्याजवळ एक बारीक ठिपका दिसला तर तो जपानी मापाचा स्क्रू. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि खाच खातो. कार्ब्युरेटरचे आणि जुन्या इंजिन कव्हरचे स्क्रू असेच खराब झालेले असतात. त्यांच्यासाठी जेआयएस (जपानी मानक) टोकाचा स्क्रूड्रायव्हर वेगळा मिळतो.

गाडी जुनी ब्रिटिश किंवा अमेरिकन असेल तर?

तर मिलिमीटरचा हिशोब बाजूला ठेवा. हार्ले-डेव्हिडसनवर मुख्यतः इंची यूएनसी (जाड) आणि यूएनएफ (बारीक) आटे भेटतात. १९६०च्या दशकापर्यंतच्या ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ आणि बीएसएफ ही जुनी ब्रिटिश इंची मापं आणि सायकलींकडून आलेले, इंचाला २६ फेऱ्यांचे बारीक आटेही असतात. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि मेट्रिकचा ६०चा, म्हणून जवळचं माप बसल्यासारखं वाटतं आणि फसवतं. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा असतो, ८च्या भोकात तो एक-दोन फेरे आरामात शिरतो. तिथेच थांबायचं. शिवाय अशा गाड्या अनेक हातांतून गेलेल्या असतात. कुणीतरी भोक मोठं करून नवे आटे मारलेले असू शकतात, तेव्हा पुस्तकातल्या मापापेक्षा प्रत्यक्ष भोकावर विश्वास ठेवा.

डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं, ते काय?

ती बोल्टची ताकद. पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे तो किती मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणाला तुटेल. दुसरा आकडा सांगतो, त्याच्या किती दशांश ताणाला तो कायमचा लांबेल. ८.८चा बोल्ट ८०० मेगापास्कलला तुटतो आणि ६४०ला लांबून परत येत नाही. १०.९साठी हेच आकडे १००० आणि ९००.

काढलेल्या जोडीदार बोल्टवर जो आकडा आहे, तोच किंवा ती पातळी सांभाळणारा बोल्ट घ्या. आकडा नसेल तर बोल्ट मऊ आहे असं धरून चाला आणि तो ब्रेक, चाक किंवा हँडलजवळ लावू नका. तसंच १२.९ सगळीकडे चांगला हाही गैरसमज आहे. ब्रेक, सस्पेन्शन आणि चाकांच्या जागी कंपनीने त्या जोडासाठी दिलेलाच बोल्ट हवा. ब्रेक डिस्कच्या बोल्टांना आट्यांच्या वर नेमक्या मापाचा खांदा असू शकतो, त्याची जागा साधा बोल्ट घेऊ शकत नाही.

मग सगळे स्टेनलेस लावले तर? गंजणार तरी नाहीत.

पॅनल, मडगार्ड, लिव्हरचे छोटे स्क्रू यांच्यासाठी खुशाल लावा. पण नेहमीचा ए२-७० जातीचा स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कललाच कायमचा लांबायला लागतो, म्हणजे ८.८पेक्षा बराच आधी. त्यामुळे ब्रेक, ॲक्सल आणि इंजिन माउंटिंगला तो नको. शिवाय स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टवर आवळताना आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. आणि ॲल्युमिनियमच्या भोकात स्टेनलेस बोल्ट वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिला तर ॲल्युमिनियम पांढरं पडून त्याला धरून बसतं. लावायचाच असेल तर आट्यांना अँटीसीझ (जाम होऊ न देणारी) पेस्ट लावा.

बोल्ट मिळाला, बसला, तरी पॅनल खडखडतं किंवा तडकतं. का?

कारण तिथे नुसता बोल्ट नव्हता. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बोल्टसोबत हरवलेली छोटी कॉलर कुणाच्या लक्षातच येत नाही.

पॅनल, टाकी, हेडलाइट, मडगार्ड यांच्या जोडात साधारणपणे तीन वस्तू असतात. भागाच्या भोकात रबराचा ग्रोमेट, त्याच्या पोटात पोलादी कॉलर आणि त्यातून जाणारा बोल्ट. बोल्ट कॉलरला चासीवर घट्ट दाबतो आणि भाग रबरावर तरंगत राहतो, म्हणून इंजिनची थरथर त्याच्यापर्यंत पोचत नाही. कॉलर नसेल तर बोल्ट सरळ रबराला किंवा प्लास्टिकला चिरडतो. घट्ट केला तर प्लास्टिक तडकतं, सैल ठेवला तर बोल्ट पडतो. अशा जागी पुन्हा पुन्हा नवा बोल्ट लावणारे लोक मी पाहिले आहेत. हरवलेली असते कॉलर. टाकीच्या जोडातलं रबर गेलं असेल तर टाकीची पट्टी मुळापाशी चिरते आणि पेट्रोल झिरपायला लागतं, म्हणून तिथे तर अजिबात चालढकल नको.

कॉलर ओळखायची तर रबराच्या भोकाचा व्यास बघा. तो बोल्टपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा असेल तर मधली वस्तू गायब आहे. कॉलरची उंची दाबलेल्या रबरापेक्षा किंचित जास्त किंवा बरोबरीची हवी. जाड भिंतीच्या पोलादी नळीचा तुकडा कापून, कडा घासून ती घरीही बनवता येते.

ऑइल ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसरही असाच विसरला जातो. तो दबून सील करतो, म्हणून दर वेळी नवा घाला. तांब्याचा जुना वायसर लालबुंद तापवून गार केला की पुन्हा मऊ होतो, अडचणीच्या वेळी तो चालतो. ब्रेकच्या बँजो बोल्टला (ब्रेकची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) मात्र दोन्ही बाजूंना नवेच वायसर हवेत.

कंपनीच्या पार्ट क्रमांकावरून माप कळतं का?

पुष्कळदा कळतं. मॉडेलची पार्ट यादी आणि तिच्यातलं सुट्या भागांचं चित्र मिळवा. चित्रात तुमच्या भोकाशी येणाऱ्या तुटक रेषेवर ज्या वस्तू आहेत, त्या सगळ्या क्रमाने लिहून काढा. कॉलर, वायसर, डॉवेल पिन (भाग नेमक्या जागी बसवणारी पिन) तिथेच सापडतात. होंडाच्या साध्या बोल्टांच्या क्रमांकात मापच दडलेलं असतं. ९५७०१-०६०२५ मध्ये ०६ ही जाडी आणि ०२५ ही लांबी. यामाहाच्या ९५०२२-०६०१६ मध्येही तसंच, ६ बाय १६. असा साधा बोल्ट असेल तर त्याच मापाचा आणि ताकदीचा दुसरा चालतो. क्रमांक त्या मॉडेलसाठी खास असेल तर बोल्टमध्येही काही खास आहे असं समजा आणि तोच मागवा.

गाडी सुटी करून खोक्यांत मिळाली. बोल्टांचा ढीग आहे. सुरुवात कुठून?

ढिगाचे आधी जाडीप्रमाणे, मग लांबीप्रमाणे गट करा. आट्यांवर वाळलेलं ऑइल असेल तर तो बोल्ट इंजिनचा, काळवंडलेला असेल तर सायलेन्सरजवळचा, निळा किंवा लाल वाळलेला गोंद असेल तर डिस्क किंवा स्प्रॉकेटकडचा असू शकतो.

इंजिनच्या कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. सगळे आपापल्या भोकांत नुसते टेकवून ठेवा. आवळण्याआधी प्रत्येक बोल्टचं डोकं सारखंच वर दिसायला हवं. एखादं जास्त वर किंवा जास्त खाली असेल तर तिथे अदलाबदल झाली आहे. कव्हरच्या दोन भोकांत पोकळ डॉवेल पिना आहेत का तेही बघा, त्या नसतील तर कव्हर किंचित सरकून बसतं. पुढच्या वेळी कव्हर उघडताना पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपल्या जागी खोचून ठेवा.

स्प्लिट पिनऐवजी तार चालेल का?

नाही. खिळाही नाही. स्प्लिट पिन भोकात जेमतेम मावेल अशा जाडीची, आणि दर वेळी नवी. खाचेच्या नटाची खाच भोकासमोर येत नसेल तर नट सैल करू नका, टॉर्कच्या (आवळण्याच्या ठरलेल्या जोराच्या) मर्यादेत राहून पुढच्या खाचेपर्यंत घट्ट करा.

चेनलॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. सर्कलिपची (खाचेत बसणाऱ्या गोल स्प्रिंग क्लिपची) एक कड गोलसर असते आणि एक धारदार, जोर जिकडून येतो त्याच्या विरुद्ध बाजूला धारदार कड ठेवा. ताणून सैल झालेली सर्कलिप टाकून द्या.

नवा बोल्ट लावला, महिन्याभरात तोही पडला. आता?

बोल्ट पडण्याचं मूळ कारण शोधा. बोल्ट आवळल्यावर स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच भाग दाबून राहतात. दाब अपुरा असेल तर भाग एकमेकांवर आडवे सरकतात, आणि हे सरकणंच बोल्टला उलटा फिरवतं. १९६९ मध्ये गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगातून हे दाखवून दिलं. त्याच पद्धतीच्या चाचणीत तुटक कड्याचा स्प्रिंग वायसर फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून आधी बघा: रंगाचा जाड थर दबला का, कॉलर नाही का, भाग वाकलेला आहे का, टॉर्क कमी पडला का.

त्यानंतर थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद. निळा मध्यम ताकदीचा आणि साध्या पान्याने सुटणारा, बहुतेक ठिकाणी तोच पुरतो. लाल सोडवायला साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं, म्हणून ॲल्युमिनियममधल्या छोट्या बोल्टांना लावू नका. आटे ब्रेक क्लीनरने कोरडे करा, एक-दोन थेंब लावा, पूर्ण पकड यायला २४ तास द्या. तो प्लास्टिकवर सांडू देऊ नका, काही प्लास्टिकं त्याने तडकतात. नायलॉनच्या कड्याचा नट १२० अंशांपुढे निकामी होतो, तेव्हा सायलेन्सरपाशी पूर्ण धातूचा लॉकनट घ्या.

किती घट्ट करायचं?

तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल तितकं. जिथे खास आकडा दिलेला नाही अशा सामान्य जोडांसाठी ६च्या बोल्टला १० ते १२ न्यूटन-मीटर, ८च्याला २२ ते २७, १०च्याला ३४ ते ३९ ही जपानी गाड्यांवरची नेहमीची पातळी. हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. ऑइल किंवा पेस्ट लावल्यावर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून थोडं कमी करा.

भोकातले आटेच गेलेत.

मोठ्या मापाचा बोल्ट कोंबू नका. भोक ठरलेल्या मापाला वाढवून, खास टॅपने आटे मारून त्यात पोलादी कॉइल किंवा भरीव स्लीव्ह बसवतात. हेलिकॉइल आणि टाइमसर्ट ही त्यातली प्रसिद्ध नावं. मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा बसतो आणि ॲल्युमिनियममध्ये तो जोड बहुधा आधीपेक्षा मजबूत होतो. ड्रिल सरळ धरता येत नसेल तर हे काम लेथवाल्याकडे द्या.

उजवा आरसा बसतच नाही, आटे तर १०चेच आहेत.

उलटे आटे असतील. यामाहाच्या अनेक गाड्यांवर उजव्या आरशाला डावे आटे असतात, तो डावीकडे फिरवल्यावर आत जातो.

बोल्ट इंजिनमध्ये पडला असेल तर?

किक किंवा सेल्फ मारू नका, चाकही फिरवू नका. लांब दांड्याचं चुंबक घालून शोधा. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम चुंबकाला बहुधा लागत नाहीत, त्यांच्यासाठी टोकाला ग्रीस लावलेली तार वापरा. सापडला नाही तर कव्हर उघडा. आत नसेलच असं म्हणून इंजिन सुरू करण्याची जोखीम मी कधीही घेणार नाही.

बसवून झाल्यावर काय तपासायचं?

बोल्टच्या डोक्यापासून भागापर्यंत रंगाची एक बारीक सरळ रेघ ओढा. साधारण १०० किलोमीटर चालवल्यावर ती रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला आहे. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, सस्पेन्शन दाबून बघा, नव्या बोल्टचं टोक वायर, केबल किंवा टायरला कुठे लागत नाही ना तेही बघा. काढलेल्या जुन्या बोल्टला मापाची चिठ्ठी बांधून ठेवा, जोडीदार बोल्ट कधी पडला तर नमुना हाताशी राहील.